चित्र दिसण्याआधी

१८७०च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. तारा तुटल्या, रस्ते बंद झाले. शहरातून बाहेर पत्रं नेण्यासाठी बलून होते, पण वाऱ्यावर जाणारा बलून पुन्हा पॅरिसमध्येच आणून उतरवणं कोणाच्याच हातात नव्हतं. त्यामुळे परतीचं टपाल कबुतरांवर सोपवावं लागलं. कबूतर असं किती ओझं वाहणार? रने दाग्रों नावाच्या छायाचित्रकाराकडे याचं उत्तर होतं. दागिन्यांत आणि खेळण्यांत बसवायचे अतिसूक्ष्म फोटो बनवण्यात त्याचा हातखंडा होता. १२ नोव्हेंबरला तो ‘निएप्स’ नावाच्या बलूनमधून बाहेर पडला. त्याच्यासोबत निघालेला ‘दागेर’ हा बलून शत्रूच्या हाती लागला, दाग्रों मात्र कसाबसा निसटला आणि तूर शहरात जाऊन कामाला लागला.

लोकांचे निरोप आधी कागदावर छापून घ्यायचे, त्या पानांचे फोटो काढायचे आणि ते दोन बोटांत मावतील एवढ्या पातळ फिल्मवर उतरवायचे. अशा एका फिल्मवर सुमारे ३,००० निरोप बसत आणि तिचं वजन भरे जेमतेम ०.०५ ग्रॅम. फिल्मची गुंडाळी पिसाच्या पोकळ देठात सरकवून तो देठ कबुतराच्या शेपटीच्या पिसाला रेशमी धाग्याने बांधत. अशा अठरा फिल्म नेणारं कबूतर ५०,०००हून अधिक निरोप घेऊन उडत असे आणि त्या सगळ्यांचं वजन एक ग्रॅमही नसे. कबूतर पॅरिसला पोहोचलं की फिल्म पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि समोर बसलेल्या कारकुनांनी निरोप उतरवून घ्यायचे, अशी व्यवस्था होती.

प्रकाशाच्या मदतीने माहिती आवळून पाठवण्याचा इतका सुंदर नमुना त्याआधी घडला नसावा. पण दाग्रोंने जागा वाचवली होती, माहिती नव्हे. त्याच्या फिल्मवर प्रत्येक अक्षर, प्रत्येक डाग जसाच्या तसा होता, फक्त बारीक झाला होता. पुढची पायरी गाठायची तर चित्रातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कळायला हवं. आणि ते सांगणारी जागा तेव्हाही प्रत्येक कॅमेऱ्यात आणि प्रत्येक सूक्ष्मदर्शकात होतीच. तिकडे कोणी नीट पाहिलं नव्हतं.

ती जागा बघायची असेल तर लेसरचा रुंद, समांतर झोत घ्यावा. त्याच्या वाटेत एखाद्या फोटोची पारदर्शक फिल्म धरावी. पुढे एक बहिर्वक्र भिंग ठेवावं आणि भिंगाच्या नाभीवर, म्हणजे समांतर किरण जिथे एका बिंदूत गोळा होतात तिथे, पांढरा पडदा लावावा. पडद्यावर फोटो दिसत नाही. मधोमध एक झगझगीत ठिपका दिसतो, त्याच्याभोवती मंद होत जाणारी आभा, आडव्या-उभ्या दिशांना फाकलेल्या उजेडाच्या रेघा आणि मधूनच जोडीजोडीने चमकणारे ठिपके. फोटोत चेहरा असो, देऊळ असो की रेल्वेचा पूल, इथे त्यांपैकी काहीच ओळखू येत नाही. आता पडदा काढून पुढे योग्य अंतरावर तसंच दुसरं भिंग ठेवलं, की त्याच्या नाभीवर मूळ फोटो पुन्हा प्रकटतो, उलटा, पण अगदी पूर्ण. म्हणजे मधल्या जागी सगळा फोटो हजर होता. फक्त आपल्याला वाचता येईल अशा रूपात नव्हता.

हे कसं घडतं ते समजून घेताना भौतिकशास्त्राची दोनच तथ्यं पुरतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाळीतून प्रकाश गेला की तो वळतो, आणि पट्टे जितके बारीक तितका जास्त वळतो. हे पहिलं. दुसरं असं, की एकाच दिशेने जाणारे सगळे समांतर किरण भिंग आपल्या नाभीवर एकाच बिंदूत आणतं. आता दोन्ही एकत्र करू. जाड पट्ट्यांचा प्रकाश थोडा वळतो आणि मधल्या ठिपक्याजवळ जमा होतो. बारीक पट्ट्यांचा प्रकाश खूप वळतो आणि दूर पडतो. उभे पट्टे असतील तर ठिपके डावीकडे-उजवीकडे, आडवे असतील तर वर-खाली. पट्टे चित्राच्या कोणत्याही कोपऱ्यात असोत, त्यांची जाडी आणि दिशा सारखी असेल तर त्यांचा प्रकाश एकाच ठिपक्यात येऊन मिळतो.

पण फोटोत पट्टे कुठून आले? इथे जोसेफ फूरिये येतो. उष्णता धातूतून कशी पसरते याचा अभ्यास करताना त्याने १८०७ साली पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडलं, की कितीही वेडावाकडा आलेख साध्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतो. लाग्रांजसारख्या मोठ्या गणितज्ञाला ते पटलं नाही. फूरियेचं पुस्तक निघायला १८२२ साल उजाडलं. चित्रालाही हाच नियम लागू पडतो. कोणतंही चित्र म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या, वेगवेगळ्या दिशांच्या, मऊ कडांच्या पट्ट्यांची बेरीज. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत जाणत्या कानाला गंधारही ऐकू येतो, तो कोणी वेगळा छेडलेला नसतो. तसे चित्रात हे पट्टे असतात, आणि ते सुटे करून प्रत्येकाला आपापल्या जागी बसवण्याचं काम नाभीवर आपोआप होतं. गणितज्ञ या क्रियेला फूरिये रूपांतर म्हणतात आणि त्या पडद्याच्या जागेला फूरिये प्रतल.

या विषयात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट ती किती वेळात घडते ही आहे. ३० सेंटिमीटर नाभीय अंतराचं भिंग घेतलं आणि फोटो त्याच्या अलीकडे तेवढ्याच अंतरावर धरला तर फोटोपासून पडद्यापर्यंतचं अंतर ६० सेंटिमीटर. प्रकाश ते सुमारे दोन नॅनोसेकंदांत पार करतो, आणि तेवढ्यात हिशेब पुरा होतो. संगणकावर हेच करण्याची वेगवान पद्धत कूली आणि टुकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. तिच्या हिशेबाने उभे-आडवे १,०२४ ठिपके असलेल्या चित्राला सुमारे दोन कोटी क्रिया लागतात आणि चित्र मोठं झालं की त्या वाढत जातात. भिंगाला ठिपके हजार आहेत की दहा लाख याने काहीच फरक पडत नाही. वीज लागते ती लेसरला. काच तर नुसती उभी असते.

त्या जागेकडे पहिल्यांदा डोळसपणे पाहिलं ते एर्न्स्ट आबे याने, पॅरिसच्या वेढ्यानंतर अवघ्या काही वर्षांत, जर्मनीतल्या येना गावी. कार्ल झाइसच्या कारखान्यात चांगले सूक्ष्मदर्शक नुसत्या हातोटीने न बनवता गणिताने बनवता यावेत, म्हणून तो धडपडत होता. १८७३ साली त्याने दाखवून दिलं, की वस्तूतल्या बारीक नक्षीने वळवलेला प्रकाश भिंगात शिरलाच नाही, तर ती नक्षी चित्रात उमटणं शक्यच नाही, मग काच कितीही निर्दोष असो. १९०६ साली ए. बी. पोर्टर याने तारांच्या बारीक जाळीवर प्रयोग करून हे डोळ्यांना दाखवलं. नाभीवर जाळीचे ठिपके ओळीने मांडलेले दिसतात. त्याने तिथे एक आडवी फट ठेवली आणि मधल्या आडव्या ओळीखेरीज बाकीचे ठिपके अडवले. पुढच्या चित्रात फक्त उभ्या तारा उरल्या. आडव्या तारा नाहीशा! जाळी समोर तशीच होती, तिला कोणी हात लावला नव्हता. फट उभी फिरवली की उभ्या तारा जात आणि आडव्या परत येत.

म्हणजे चित्रातून काही वगळायचं तर चित्राला हात लावायची गरज नाही. या एका प्रतलात योग्य जागी काळा कागद धरला की झालं. वर्तमानपत्रातला फोटो छपाईच्या ठिपक्यांनी बनलेला असतो. त्या ठिपक्यांची नियमित नक्षी फूरिये प्रतलात केंद्रापासून दूर, ठरलेल्या जागी पडते. केंद्राभोवती योग्य मापाचं भोक ठेवून बाकी सगळं झाकलं, तर दुसऱ्या भिंगापुढे तोच फोटो ठिपक्यांशिवाय, सलग छटांचा होऊन उमटतो. उलट मधला झगझगाट मंद केला तर कडा आणि बारकावे उठून दिसतात. १९५३ साली पॅरिसमध्ये मारेशाल आणि क्रोस यांनी या युक्तीने धूसर फोटो सुधारून दाखवले.

आता आवळण्याकडे येऊ. आभाळ, भिंत, गाल, रस्ता अशा आपल्या नेहमीच्या दृश्यांत सावकाश बदलणाऱ्या छटाच जास्त असतात. त्यामुळे फूरिये प्रतलातला बहुतेक प्रकाश केंद्राजवळ गोळा होतो, आणि कडेच्या भागात अगदी बारीक तपशिलांपुरता थोडा उरतो. अतिशय बारीक पट्ट्यांच्या बाबतीत आपला डोळाही फारसा चोखंदळ नाही. तेव्हा केंद्राभोवतीचा तुकडा ठेवावा आणि बाकीचा सोडून द्यावा. शिवाय आणखी एक देणगी आहे. साध्या, नुसत्या उजेड-अंधाराच्या चित्राचे ठिपके केंद्राच्या दोन्ही बाजूंना जोडीनेच येतात, आणि एका बाजूवरून दुसरी नेमकी काढता येते. म्हणजे अर्धं प्रतल पाठवलंच नाही तरी काही बिघडत नाही.

हाच विचार आज आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, फक्त तिथे तो प्रकाशाऐवजी आकड्यांनी होतो. जेपेग फोटो म्हणजे चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून, प्रत्येकाचं पट्ट्यांत रूपांतर करून, बारीक पट्ट्यांचे आकडे ढोबळ करणं किंवा गाळणं. यातलं कोसाइन रूपांतर बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सुचवलं. १९७२च्या सुमाराला त्यांनी अमेरिकेत यासाठी अनुदान मागितलं, तेव्हा कल्पना फारच सोपी आहे या कारणाने ते नाकारलं गेलं. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली त्यांनी त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला आणि १९९२च्या जेपेग मानकाचा तो पाया ठरला. भिंगाकडूनही हे कोसाइन रूपांतर करून घेता येतं. चित्राच्या शेजारी त्याचीच आरशातली प्रतिमा जोडून सममिती साधली, की नाभीवर नेमके तेच घटक मिळतात.

इथवर मी एक अडचण बाजूला ठेवली होती. प्रत्येक पट्ट्याबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. तो किती ठळक आहे, आणि त्याचा उजळ भाग नेमका कुठून सुरू होतो. ही दुसरी गोष्ट म्हणजे फेज. फिल्म किंवा कॅमेरा फक्त ठळकपणा टिपतो, फेज हरवून जाते. आणि चित्राचा जीव फेजमध्येच असतो. १९८१ साली ओपनहाइम आणि लिम यांनी हे विलक्षण रीतीने दाखवलं. दोन चित्रं घेऊन त्यांच्या फेजची अदलाबदल केली आणि चित्रं पुन्हा उभी केली, तर ज्याची फेज आहे तेच चित्र ओळखू येतं. ठळकपणा दुसऱ्या चित्राचा असला तरी!

फेज टिपायची रीत डेनिस गॅबरने १९४७ साली इंग्लंडमधल्या रग्बी गावी शोधली होती. वस्तूकडून आलेल्या प्रकाशात दुसरा, साधा, ओळखीचा झोत मिसळायचा. दोघांच्या लाटा कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारतात, यातून जी सूक्ष्म नक्षी तयार होते तिच्यात फेज दडलेली असते. हाच होलोग्राम. गॅबरला त्यासाठी १९७१ साली नोबेल मिळालं.

होलोग्राफीकडे वेगळ्याच वाटेने पोहोचलेला माणूस म्हणजे मिशिगन विद्यापीठातला एमेट लीथ. तिथल्या विलो रन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात विमानातल्या रडारवर काम चाललं होतं. विमान उडताना बाजूच्या जमिनीकडे रडारच्या लहरी सोडतं आणि परतलेले प्रतिध्वनी एका लांब फिल्मवर नोंदवतं. जमिनीवरचा एकेक बिंदू विमान जवळ येताना आणि दूर जाताना सतत दिसत राहतो, म्हणून फिल्मवर त्याची नोंद लांबलचक पसरते. हजारो बिंदूंच्या नोंदी एकमेकींवर चढलेल्या असतात. नुसत्या डोळ्यांनी ती फिल्म पाहिली तर राखाडी गोंधळाखेरीज काही दिसत नाही. पण प्रत्येक बिंदूची नोंद म्हणजे मधे जाड आणि कडांकडे बारीक होत जाणारे पट्टे असतात, आणि अशी पट्ट्यांची रचना स्वतःच भिंगासारखी वागते. फिल्ममधून शिस्तबद्ध प्रकाश सोडला की प्रत्येक नोंद आपापला प्रकाश एका बिंदूत गोळा करते. माहितीच स्वतःचं भिंग होते. पूल, शेतं, किनारे सगळं एका क्षणात सुटं होऊन आपापल्या जागी दिसू लागतं. अंतरानुसार होणारे फरक शंकूच्या आकाराच्या आणि दंडगोल भिंगांनी निस्तरले जात. हे पाहताना आपण गॅबरच्याच सिद्धान्तावर येऊन ठेपलो आहोत हे लीथच्या ध्यानात आलं. पुढे १९६२पासून त्याने आणि ज्यूरिस उपात्निएक्सने लेसर होलोग्राफी उभी केली.

हे प्रयोगशाळेतलं कौतुक नव्हतं. १९७८च्या जूनमध्ये नासाने सोडलेला सीसॅट हा समुद्र पाहणारा उपग्रह ऑक्टोबरमध्ये बंद पडला. पण त्याने तेवढ्या काळात पाठवलेल्या रडार-माहितीचा मोठा भाग सुरुवातीला असाच, फिल्म आणि भिंगांनी, चित्रांत बदलला गेला. त्या काळच्या संगणकांना अशा एकेका चित्रासाठी तासन्‌तास लागत.

एका फिल्मवर हजारो बिंदूंच्या नोंदी एकमेकींवर चढूनही सुट्या करता येतात, तर एका चौकटीत अनेक चित्रं का नाही? होलोग्राममधला दुसरा झोत तिरका ठेवण्याची लीथ आणि उपात्निएक्सची युक्ती इथे उपयोगी पडते. एखाद्या फोटोवर सरळ प्रकाश न टाकता किंचित तिरका टाकला, तर त्याच्यातून निघणाऱ्या सगळ्या दिशा तेवढ्याच कलतात आणि नाभीवरची त्याची अख्खी आकृती एका बाजूला सरकते. आकृतीत काहीही बदलत नाही, फक्त तिची जागा बदलते. मग चार फोटोंचे केंद्राभोवतीचे तुकडे कापावेत, चारही वेगवेगळ्या कोनांनी सरकवावेत आणि एकाच प्रतलात शेजारीशेजारी बसवावेत. हे एकच प्रतल नोंदवून पाठवायचं. पलीकडे ज्याला जो फोटो हवा त्याने त्या जागी भोक असलेला पडदा धरावा आणि दुसऱ्या भिंगातून तो फोटो पाहावा.

फ्रान्समधल्या ब्रेस्त शहरातले अयमान अल्फालू आणि ख्रिस्तियान ब्रोसो यांनी या कामात बराच पुढचा पल्ला गाठला. केंद्राजवळची जागा प्रत्येक चित्राला हवी असते, मग ती द्यायची कोणाला? त्यांची एक पद्धत अशी, की प्रतलातल्या प्रत्येक ठिपक्यापाशी चित्रांची तुलना करायची. त्या ठिपक्यावर ज्या चित्राचा, त्याच्या एकूण प्रकाशाच्या मानाने, वाटा सर्वांत मोठा, त्याला तो ठिपका द्यायचा. बाकीच्यांनी तिथलं आपलं थोडं सोडून द्यायचं. फार गर्दी झाली तर चित्रांच्या नाभीवरच्या आकृत्या आधी थोड्या सरकवून घ्यायच्या. मला ही वाटणी फार न्याय्य वाटते, कारण ज्याचं जिथे खरोखर अडतं तिथेच त्याला जागा मिळते.

याच प्रतलात चित्राला कुलूपही लावता येतं. १९९५ साली रेफ्रेजिए आणि जाविदी यांनी सुचवलेल्या रीतीत दोन ओबडधोबड काचा लागतात. एक चित्राला चिकटवायची आणि दुसरी नाभीवर ठेवायची. काचेची जाडी ठिपक्यागणिक मनमानी बदलत असल्यामुळे फेज पूर्ण विस्कटते आणि पलीकडे नुसता ठिपक्याठिपक्यांचा गोंधळ पोहोचतो. नाभीवरच्या त्या दुसऱ्या काचेची नक्कल असेल तरच चित्र परत मिळतं. पुढे या कुलपाचे कच्चे दुवेही संशोधकांनी शोधून काढले. पण इथे खरी गोम दुसरीच आहे. आवळण्यासाठी प्रकाश केंद्राजवळ गोळा झालेला हवा, आणि लपवण्यासाठी तो सगळीकडे सारखा पसरलेला हवा. दोन्ही गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. म्हणून आधी कापणं आणि एकत्र करणं, मग लपवणं, हा क्रम सांभाळावा लागतो.

मग हे सगळं प्रकाशाने का होत नाही, फोन आकड्यांवरच का चालतो? दुखणं भिंगाचं नाही, त्याच्या दोन्ही टोकांचं आहे. चित्र प्रकाशावर चढवणारा पडदा आणि शेवटी ते टिपणारा कॅमेरा, दोन्ही प्रकाशाच्या मानाने फार सावकाश चालतात. सेकंदाला ६० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याला एका चित्रासाठी साधारण १७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात प्रकाश सुमारे ५,००० किलोमीटर जातो. दोन नॅनोसेकंदांत झालेला हिशेब बाहेर काढायला एवढी वाट पाहावी लागली, तर वेगाचा फायदा बराचसा त्यातच जातो. त्यातच सिलिकॉनच्या चिप दर काही वर्षांनी वेगवान आणि स्वस्त होत गेल्या आणि भिंगांच्या रांगा मागे पडल्या.

ही कोंडी एका बाजूने फोडणारा कॅमेरा २००६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात तयार झाला. रिचर्ड बरानियुक आणि केविन केली यांच्या गटाने केलेल्या या कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा ठिपका एकच आहे. त्याच्यापुढे प्रोजेक्टरमध्ये असते तशी लाखो सूक्ष्म आरशांची चिप असते. काही आरसे प्रकाश त्या ठिपक्याकडे वळवतात, काही दूर फेकतात, आणि कोणते काय करणार हे यदृच्छेने ठरतं. दर खेपेला ठिपका एकच आकडा नोंदवतो, त्या आरशांवर पडलेल्या दृश्याच्या साधारण अर्ध्या भागाचा एकत्र उजेड. मग आरशांची रचना बदलते आणि पुढचा आकडा येतो. चित्रात जितके ठिपके हवेत त्याहून बऱ्याच कमी आकड्यांत काम भागतं. दृश्य मोजक्या लाटांनी सांगता येण्यासारखं असतं, आणि अशा दृश्याला थोडी मोजमापं पुरतात हे कांदेस, रोम्बर्ग, ताओ आणि डोनोहो यांच्या गणिताने त्याच सुमाराला सिद्ध केलं होतं.

अवरक्त प्रकाशासाठी लाखो ठिपक्यांचा संवेदक फार महाग पडतो, तिथे एका ठिपक्याचा संवेदक परवडतो. आणि त्या ठिपक्याने नोंदवलेली आकड्यांची माळ आधीपासूनच आवळलेली असते. कॅमेऱ्यात चित्र कधी उमटलेलंच नसतं. ते पहिल्यांदा तयार होतं माळ पोहोचल्यावर, दुसऱ्या टोकाच्या संगणकात.